चिखलातले जिवाणू आणि चुंबकत्वाचा एक भागाकार

जिवंत पेशीत चुंबकत्व सापडल्याचा दावा करणारा शोधनिबंध हाती आला, की निष्कर्ष वाचण्याआधी मी कागदावर एक भागाकार मांडतो. वर चुंबकीय ऊर्जा, म्हणजे त्या वस्तूचे चुंबकीय आघूर्ण (ती किती जोरकस चुंबक आहे याचे माप) गुणिले पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र. खाली औष्णिक ऊर्जा, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान. खोलीच्या तापमानाला पाण्याचे रेणू सतत धडका मारत असतात आणि या धडका कुठल्याही सूक्ष्म वस्तूला एका दिशेला स्थिर राहू देत नाहीत. चुंबकीय ऊर्जा त्यांच्यापेक्षा बरीच जास्त असेल तरच ती वस्तू होकायंत्राच्या सुईसारखी वागेल. माझे शिक्षण आणि काम फेराइटांवर, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडांपासून बनणाऱ्या चुंबकीय पदार्थांवर, झाले आहे, जीवशास्त्र मी उशिरा आणि शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींकडून शिकलो, त्यामुळे ही सवय जडली असावी. जीवशास्त्रज्ञांना ती कधीकधी उद्धट वाटते. परंतु चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत पोहणाऱ्या जिवाणूंच्या एका गटाच्या बाबतीत या भागाकाराचे उत्तर इतके नेमके येते, की त्यांची जनुके वाचणे म्हणजे चुंबकत्वाचा एखादा उत्तम सोडवलेला प्रश्न वाचण्यासारखे वाटू लागते.

हे जिवाणू रिचर्ड ब्लेकमोर यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल येथील चिखलात दिसले. ते तेव्हा विद्यार्थी होते आणि वेगळ्याच जिवाणूंच्या शोधात होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात काही पेशी हटकून एकाच कडेला जाऊन साचत होत्या. त्या प्रकाशाकडे जात असतील म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शक झाकला, त्याची जागा बदलली, तरी पेशींची दिशा तीच राहिली. मग त्यांनी चुंबक जवळ आणला आणि पेशी क्षणात वळल्या. हे निरीक्षण १९७५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे साल्वातोरे बेल्लिनी यांनी १९६३ सालीच असे जिवाणू पाहून त्यांविषयी इटालियन भाषेत लिहून ठेवले होते, पण ते लिखाण दशकानुदशके जगासमोर आले नाही.

हा प्रयोग कोणालाही करून पाहता येतो, आणि पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो करावा असे माझे मत आहे. तळ्यातला गाळ आणि त्याच तळ्याचे पाणी काचेच्या बरणीत घेऊन ती काही आठवडे मंद उजेडात न हलवता ठेवायची. नंतर गाळाच्या पृष्ठभागाच्या किंचित वर, बरणीच्या बाहेरच्या बाजूला, पट्टीचुंबकाचा दक्षिण ध्रुव टेकवून ठेवायचा आणि तासाभराने तिथले पाणी ड्रॉपरने काढून काचपट्टीवर घ्यायचे आणि चुंबक त्या थेंबाजवळ ठेवायचा. नशीब चांगले असेल तर थेंबाच्या चुंबकाकडच्या कडेला पेशींची दाट रांग दिसते, चुंबक उलटा फिरवला की ती सगळी रांग कड सोडून थेंबाच्या दुसऱ्या टोकाकडे निघते. यात एक गोष्ट बारकाईने पाहावी लागते. मेलेल्या पेशीही क्षेत्राच्या दिशेने वळून उभ्या राहतात, मात्र त्या पुढे सरकत नाहीत. म्हणजे चुंबक या पेशींना ओढत नाही, तो फक्त त्यांचे तोंड फिरवतो. पोहणे त्यांच्या कशाभिकांचे, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंचे, काम आहे.

पेशीच्या आत काय आहे याचा उलगडा १९७९ साली झाला. रिचर्ड फ्रँकेल यांनी ब्लेकमोर आणि राल्फ वुल्फ यांच्याबरोबर मॉसबाउअर वर्णपटाच्या (लोहाची अणुकेंद्रके गॅमा किरण कसे शोषतात याच्या मोजमापाच्या) साह्याने दाखवले, की तो पदार्थ मॅग्नेटाइट आहे, म्हणजे आम्ही ज्याला फेराइटांचा मूळपुरुष मानतो तेच लोहाचे ऑक्साइड. काही जातींमध्ये त्याच्या जागी ग्रेगाइट हे लोहाचे सल्फाइड असते. स्फटिकांचे आकारमान जातीनुसार साधारण ३५ ते १२० नॅनोमीटर, आणि एकाच जातीत ते फारसे बदलत नाही. प्रत्येक स्फटिक मेदाच्या पटलात गुंडाळलेला असतो (अशा गुंडाळलेल्या स्फटिकाला मॅग्नेटोसोम म्हणतात), आणि अनेक जातींत हे स्फटिक एकामागे एक अशा ओळीत मांडलेले असतात.

आता तो भागाकार. ५० नॅनोमीटर बाजूचा मॅग्नेटाइटचा घन घेतला, आणि पृथ्वीचे क्षेत्र ५० मायक्रोटेस्ला धरले, तर एकट्या स्फटिकाची चुंबकीय ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या पाऊण पटीहूनही किंचित कमी भरते. म्हणजे तो एकटा असता तर पाण्याच्या धडकांनी भरकटत राहिला असता. असे २० स्फटिक एका ओळीत, सगळ्यांचे उत्तर ध्रुव एकाच बाजूला ठेवून जोडले, तर आघूर्णांची बेरीज होते आणि भागाकार १४ च्या पुढे जातो. धडकांमध्येही चुंबक क्षेत्राशी सरासरी किती जुळून राहतो हे सांगणाऱ्या लँजव्हाँच्या सूत्रात ही संख्या घातली की पेशीचा कल क्षेत्राच्या दिशेने सरासरी ९३ टक्के राहतो असे उत्तर मिळते. स्फटिकांची संख्या दुप्पट केली तर हे प्रमाण जेमतेम ९६–९७ टक्क्यांवर जाईल. लोह मिळवणे पेशीला महाग पडते आणि या जिवाणूंच्या कोरड्या वजनात २ ते ३ टक्के लोह आधीच असते. तेव्हा तीन-चार टक्क्यांच्या लाभासाठी आणखी २० स्फटिक घडवणे परवडणारे नाही.

आकारमानाचे गणितही असेच चोख आहे. मॅग्नेटाइटचा स्फटिक साधारण ३० नॅनोमीटरहून लहान असला, की उष्णतेमुळे त्याच्या आतल्या चुंबकत्वाची दिशा स्वतःच उलटसुलट होत राहते; या अवस्थेला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात आणि असला स्फटिक होकायंत्रासाठी कुचकामी असतो. स्फटिक खूप मोठा झाला तर त्यात अनेक डोमेन, म्हणजे वेगवेगळ्या दिशेच्या चुंबकत्वाचे भाग, तयार होतात, ती एकमेकांना बऱ्याच अंशी रद्द करतात आणि तेवढे लोह वाया जाते. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात संपूर्ण स्फटिक एकच डोमेन असतो आणि लोहाच्या दर अणूमागे जास्तीत जास्त चुंबकत्व पदरात पडते. जिवाणूंचे स्फटिक बरोबर याच पट्ट्यात असतात. आमच्याकडे लोहाचे क्षार अल्कलीत एकत्र अवक्षेपित केले की बहुधा दहा-पंधरा नॅनोमीटरची पूड मिळते, तीही लहानमोठ्या कणांची. भट्टीत हजार अंशांवर भाजलेल्या गोळीत कण मायक्रोमीटरपर्यंत वाढतात. नेमके ५० नॅनोमीटरचे, दोषरहित आणि एकसारखे कण हवे असतील तर बरेच कष्ट घ्यावे लागतात. जिवाणू ते साध्या तापमानाला, पाण्यात करतो.

कसे करतो, याचे उत्तर रेणवीय जीवशास्त्राने गेल्या पंचवीसएक वर्षांत दिले, आणि या विषयात मला सर्वांत जास्त रस इथेच आहे. मॅग्नेटोस्पिरिलम या प्रजातीत स्फटिकांशी संबंधित बहुतेक जनुके गुणसूत्राच्या एका लांब तुकड्यावर जवळजवळ राहतात. त्या तुकड्याला मॅग्नेटोसोम बेट म्हणतात. प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवलेल्या जिवाणूंमध्ये या बेटाचे भाग आपोआप गळून पडतात आणि चुंबकत्व नसलेल्या पेशी तयार होतात. बशीत चुंबकत्वाचा उपयोग नसतो, म्हणून त्या खुशाल जगतात. संशोधकांची यामुळे बरीच अडचण झाली असणार, पण ही जनुके कुठे आहेत याचा माग लागायला याच गळक्या पेशी उपयोगी पडल्या.

काम कप्पा तयार करण्यापासून सुरू होते. पेशीचे आतले पटल आत वळून त्याची पिशवी बनते, आणि स्फटिक वाढतो तो या पिशवीतच. मॅम-बी आणि मॅम-एम ही प्रथिने पिशवीत लोह नेतात. पिशवीतल्या द्रावणात लोहाच्या दोन्ही अवस्थांचे (दोन आणि तीन विद्युतभारांच्या आयनांचे) प्रमाण आणि आम्लता योग्य पातळीवर राहिली तरच मॅग्नेटाइट बनते. नाहीतर गंजासारखे दुसरेच ऑक्साइड हाती लागेल. टोकियोतल्या संशोधकांनी स्फटिकाला घट्ट चिकटून बसलेले एम-एम-एस-६ हे प्रथिन वेगळे केले आणि ते मिसळून परीक्षानळीत मॅग्नेटाइट घडवले, तेव्हा कण अधिक एकसारखे आले. नेमका कोणता आम्लधर्मी भाग कोणत्या स्फटिकपृष्ठाला धरतो याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यातले सगळेच मला पटलेले नाही. परीक्षानळीतला परिणाम पेशीतही तसाच असेल हे गृहीत धरून पुष्कळ लेखक पुढे जातात.

ओळीचा प्रश्न याहून अवघड, कारण एक-डोमेन चुंबक मोकळे सोडले तर ते सरळ ओळीत राहत नाहीत. ते एकमेकांना खेचून गोळा होतात किंवा वर्तुळाकार कडे करतात, आणि त्या रचनेत आघूर्णे एकमेकांना रद्द करतात. २००६ साली दोन गटांनी यावरचे उत्तर जवळपास एकाच वेळी दिले. अराश कोमेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिची त्रिमितीय चित्रे घेतली आणि स्फटिकांच्या ओळीशेजारून जाणारे बारीक तंतू दाखवले. हे तंतू मॅम-के या प्रथिनाचे आहेत आणि ते आपल्या स्नायूंतल्या ॲक्टिनच्या कुळातले आहे. जर्मनीत डिर्क श्युलर यांच्या गटाने मॅम-जे हे प्रथिन काढून टाकले, तेव्हा स्फटिक नीट बनले पण ओळ मोडून त्यांचा गोळा झाला. म्हणजे मॅम-के हा दोर, आणि मॅम-जे स्फटिकाच्या पिशवीला त्या दोराशी बांधते. ओळ एकदा बांधली गेली की शेजारचे स्फटिक एकमेकांच्या क्षेत्रामुळे एकाच दिशेला स्थिरावतात, आणि थोड्या लहान स्फटिकांनाही त्यामुळे आधार मिळतो. हा परिणाम फेराइटवाल्यांना चांगला ओळखीचा आहे.

या सगळ्या खटाटोपाचा पेशीला उपयोग काय, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर असे, की हे जिवाणू कमी ऑक्सिजनच्या थरात राहणारे आहेत. उत्तर गोलार्धात क्षेत्ररेषा जमिनीत शिरतात, त्यामुळे उत्तरेकडे पोहणारा जिवाणू आपोआप खाली, गाळाकडे जातो. ब्लेकमोर आणि फ्रँकेल यांनी न्यूझीलंड आणि टास्मानियात १९८० च्या सुमारास नमुने घेतले तेव्हा तिथले जिवाणू दक्षिणेकडे पोहताना आढळले, आणि ब्राझीलमध्ये चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या फोर्तालेझा येथे दोन्ही प्रकार जवळपास सारख्या संख्येने मिळाले. उत्तर सुबक आहे, पण आपल्याकडे ते थोडे लंगडे पडते. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत (मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याची मोजमापे १९०४ साली तिथे हलवली गेली) सुईचा क्षितिजाशी होणारा कोन तीस अंशांहूनही कमी मिळतो, तर वुड्स होलला तो सत्तरच्या आसपास आहे. वुड्स होलचा जिवाणू मीटरभर पोहला तर ९० सेंटिमीटरहून अधिक खाली उतरेल. अलिबागच्या खाडीतला ५० सेंटिमीटरही उतरणार नाही. शिवाय २००६ साली खुद्द वुड्स होलजवळच्या सॉल्ट पाँड या तळ्यात दक्षिणेकडे पोहणारे जिवाणू मोठ्या संख्येने आढळले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे त्यांनी वरच्या, ऑक्सिजनच्या थरात जाऊन मरायला हवे होते. आता बहुतेकांचे मत असे, की चुंबक पेशीला दिशा सांगत नाही. तो तिची वाट त्रिमितीतून एका रेषेवर आणतो, आणि त्या रेषेवर पुढे जायचे की मागे, हे पेशी ऑक्सिजनच्या प्रमाणावरून ठरवते. मला हे पटते, पण सॉल्ट पाँडचे कोडे एवढ्याने सुटले असे म्हणवत नाही.

हाच भागाकार इतर दाव्यांना लावला की चित्र पालटते. २०१५ साली बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या गटाने प्राण्यांमध्ये ‘चुंबकग्राहक’ प्रथिन सापडल्याचे जाहीर केले. या प्रथिनाच्या जुडग्यात लोहाचे सुमारे ४० अणू असतात. चाळीसही अणूंची आघूर्णे एकाच दिशेला आहेत असे औदार्याने मानले, तरी पृथ्वीच्या क्षेत्रातली त्यांची ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या चाळीस हजाराव्या भागापेक्षाही कमी भरते. कॅलटेकचे मार्कुस माइस्टर यांनी २०१६ साली नेमका हा हिशेब सविस्तर मांडला. त्याच सुमारास फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन चेतापेशीच्या आयनमार्गाला (विद्युतभारित कणांना पेशीत ये-जा करू देणाऱ्या प्रथिनाला) जोडून चुंबकाने मेंदू हाताळल्याचा दावा झाला. फेरिटिनमध्ये लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात, पण त्यातले ऑक्साइड मॅग्नेटाइट नव्हे आणि अणूंची आघूर्णे बहुतांशी एकमेकांना रद्द करतात. पृथ्वीच्या हजारपट क्षेत्र घेतले तरी भागाकार एकच्या पुष्कळ खालीच राहतो. पुढे इतर प्रयोगशाळांना तो परिणाम पुन्हा मिळवता आला नाही. कबुतराच्या चोचीतल्या लोहयुक्त पेशी चुंबकीय संवेदनेच्या असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, त्या रोगप्रतिकारक भक्षकपेशी असल्याचे २०१२ साली निष्पन्न झाले.

या भागाकाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. पक्ष्यांच्या डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम प्रथिनाविषयीची कल्पना त्याच्या कक्षेत येत नाही. तिथे प्रकाशामुळे तयार झालेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीची फिरकीस्थिती (स्पिन) क्षेत्रामुळे बदलते, आणि जोडी समतोलाला पोहोचण्याआधीच रासायनिक क्रिया घडून जाते. औष्णिक ऊर्जेशी थेट तुलना तिथे गैरलागू ठरते. त्या कल्पनेची परीक्षा वेगळ्या प्रयोगांनीच करावी लागेल.

ज्यांना खरोखर चुंबकीय पेशी बनवायची आहे त्यांच्यासाठी रस्ता २०१४ साली श्युलर यांच्याच गटाने दाखवला. त्यांनी मॅग्नेटोस्पिरिलममधली सुमारे तीस जनुके रोडोस्पिरिलम रुब्रम या चुंबकत्वाशी काही संबंध नसलेल्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूत घातली, आणि त्याच्या पेशीत मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची ओळ तयार झाली. आकारमान सांभाळणारी जनुके दिली नव्हती तेव्हा स्फटिक लहान राहिले, ती घातल्यावर वाढले. पिशवी, लोहाची ने-आण, स्फटिकाचे आकारमान आणि दोर, यांतले एखादे प्रथिन उचलून हे साधत नाही. आणि हे दोन्ही जिवाणू एकमेकांचे बऱ्यापैकी जवळचे नातेवाईक आहेत. प्राण्यांच्या पेशीत पटले वेगळी, लोह हाताळण्याची पद्धत वेगळी, तिथे या तिसांपैकी किती पुरतील आणि कोणती नव्याने शोधावी लागतील, यावर सध्या काम चालू आहे.