कुरडयांचा चीक आणि जयश्री गडकर

‘साधी माणसं’चं पोस्टर माझ्या हाती आलं तेव्हा आठ घड्या पडलेल्या होत्या आणि जयश्री गडकरांच्या कानाजवळ जुन्या चिकटपट्टीचा तपकिरी ओरखडा होता. चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका काकांकडे ते मिळालं. तीस बाय चाळीस इंच, आपल्याकडच्या पोस्टरचं नेहमीचं माप. सिनेमा 1965चा, भालजी पेंढारकरांचा. पोस्टर मात्र नंतर कधीतरी पुन्हा छापलेलं, हे काकांनी आपणहून सांगितलं आणि भावही तसाच लावला. अशी माणसं भेटली की त्यांच्याकडेच परत परत जावं.

पोस्टर पारखायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलं. “पुढून काय, कुणीही फसेल. बोट फिरवून बघा.” पूर्वी पोस्टर घड्या घालूनच थिएटरांना पाठवत, त्यामुळे खऱ्या जुन्या कागदाची घडी बोटाला लागते. हल्लीच्या नकलेत घडीची रेघसुद्धा छापलेली असते. डोळ्यांना दिसते, बोटाला काहीच लागत नाही. त्या दिवशी शेजारच्या गठ्ठ्यातली दोन पोस्टर्स मी अशीच बाजूला ठेवली.

याआधी माझं एक पोस्टर कायमचं गेलं होतं. ठाण्यातल्या एका फ्रेमवाल्याने मला न विचारता ते लॅमिनेट करून दिलं. प्लॅस्टिकचा थर गरम होऊन कागदात बसला की तो सोडवता येत नाही. फार वाईट वाटलं. म्हणून या वेळी नौपाड्यातल्या ओळखीतून जुन्या कागदांचं काम करणाऱ्या एका ताईंकडे गेले. जुलै चालू होता. त्यांनी पोस्टर नीट पाहिलं आणि परत दिलं. “दिवाळीनंतर आणा. या हवेत खळ वाळत नाही, बुरशी धरते.” खाडीकाठच्या गावात राहून हे मला आधी सुचायला हवं होतं. चार महिने ते दोन कोऱ्या कागदांमध्ये, कपाटावर आडवं ठेवलं.

नोव्हेंबरात काम सुरू झालं. ताईंनी आधी ओलसर कापूस प्रत्येक रंगाच्या कडेला टेकवून पाहिला, शाई सुटते का म्हणून. लाल किंचित सुटत होता, म्हणून तिथे पाणी जवळजवळ लावलंच नाही. चिकटपट्टी कोमट हवा देत, पातळ पात्याने केसाकेसाने उचलली. उरलेला गोंद खोडरबराने निघाला, पण कागदात मुरलेला डाग राहिला. तो घालवायला जोरदार रसायन लागलं असतं. मी नको म्हटलं. मग पोस्टर पालथं घालून मागे पातळ जपानी कागद चढवला, मधून कडेकडे ब्रश फिरवत.

त्यासाठीची खळ गव्हाच्या सत्त्वाची, पांढरीशुभ्र. आई सोबत होती. तिने वाटीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हा तर कुरडयांचा चीक!” ताई हसल्या. “तोच, काकू. फक्त आंबट नको. पाणी बदलून बदलून आंबटपणा काढायचा.” आणि चोथा अजिबात राहू द्यायचा नाही, सत्त्व तेवढं घ्यायचं. ही खळ पुढे कुणाला काढायची झाली तर ओल देऊन निघते, म्हणून साधा बाजारी गोंद चालत नाही. पण कसरीलाही ती आवडते, तेव्हा वर्षातून एकदा फ्रेम उतरवून पाठ बघावी लागते.

फ्रेम करताना कागद आणि काचेमध्ये माउंटची, म्हणजे कडेने लावलेल्या जाड पुठ्ठ्याची, फट ठेवून घेतली. काच टेकली की दमट दिवसांत रंग तिला चिकटतो. खिडकीसमोरची भिंत टाळली, न्हाणीघरालगतचीही.

लोहाराच्या बायकोच्या रूपातल्या जयश्रीबाई आता आमच्या बैठकीत आहेत, कानाजवळच्या डागासकट. पुढचं पोस्टर फाटक्या कडांचं आहे. येत्या उन्हाळ्यात कुरडयांचा गहू भिजत घातला की वाटीभर चीक बाजूला काढून वाळवायला आईला सांगितलंय.