भाचीची पहिली पगार स्लिप आणि माझी नर्सिंगमधली बावीस वर्षं

परवा नाइट करून घरी आले, चहा गॅसवर ठेवला आणि फोन बघते तर भाचीचा व्हॉट्सअ‍ॅप. पहिल्या पगाराची स्लिप, फोटो काढून पाठवलेली, खाली एकच ओळ. "मावशी हे एवढंच? ऑफर लेटरवर तर तीन लाख लिहिलं होतं."

मला आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. पोरगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून यंदाच पास झाली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि लगेच ठाण्याच्या पुढे एका बऱ्यापैकी मोठ्या खाजगी हॉस्पिटलात लागली. तीन लाख भागिले बारा म्हणजे पंचवीस हजार असा तिचा सरळ हिशोब होता आणि खात्यात आले २०,२००.

मग चहा पीत पीत तिला फोनवर स्लिप वाचायला शिकवली. ग्रॉस २२,५००, त्यातला बेसिक १५,०००. बेसिक बरोबर पंधरावरच का तर पीएफची मर्यादा तेवढीच आहे, त्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० तुझे कापले. हॉस्पिटलने स्वतःचे १,८०० भरले ते पण तुझ्याच तीन लाखांत मोजलेत, आणि वर ग्रॅच्युइटीचे महिन्याला सातशे वीस की काय, ते पण त्यातच, जी तुला पाच वर्षं टिकलीस तरच मिळणार. युनिफॉर्मचं डिपॉझिट ५००, ते परत मिळेल म्हणतात, बघू. प्रोफेशनल टॅक्स नाही कापला कारण २०२३ पासून महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, हा एक फायदा. आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, ती पण नाही, कारण ती २१ हजारांपर्यंतच्या पगारालाच असते, म्हणजे दीड हजाराने पोरगी श्रीमंत ठरली आणि कार्ड गेलं.

सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "बरं, मग वाढतो कधी?"

आता ह्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितेय. तिच्यासारख्या अजून चारजणी वाचतील.

मी २००३ ला सुरुवात केली ती डोंबिवलीच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये, पगार ३,२०० रुपये आणि सर्टिफिकेटं ओरिजिनल त्यांच्या कपाटात. दोन वर्षांत एकदा वाढ झाली, २०० रुपये, आणि ती पण डॉक्टरांच्या मिसेसनी असं सांगून दिली की जणू सोन्याची बांगडी देतायत. मग मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत ६,५०० वर लागले. एका उडीत दुप्पट! मला वाटलं आता असंच होत जाणार, अनुभव वाढेल तसा पगार वाढेल. आईला पण तसंच सांगितलं होतं.

कसलं काय. तिथे पाच वर्षं काढली. दरवर्षी अप्रेझल, फॉर्म भरा, स्वतःला मार्क द्या, इन्चार्ज सिस्टर देतात, मेट्रन मॅडम सही करतात आणि हातात काय तर पाचशे सहाशे रुपये. आणि मग एक दिवस आमच्याकडे नवी मुलगी आली, दुसऱ्या हॉस्पिटलात दोन वर्षं केलेली. चांगली होती हो पोरगी, तिचा काहीच दोष नाही. तिला व्हेंटिलेटरचे अलार्म मी शिकवले, हाय प्रेशर वाजला की आधी पेशंटकडे बघ मग मशीनकडे, ट्यूब वाकली का, सक्शन लागतंय का, सगळं. पहिल्या तारखेला जेवायला बसलो तेव्हा बोलता बोलता तिने पगार सांगितला. माझ्यापेक्षा तीन हजार जास्त. माझा डबा तसाच राहिला. शेजारी आमची एक केरळची चेची (त्यांच्याकडे ताईला म्हणतात) बसली होती, ती फक्त हसली, म्हणाली, "तू जा ना, मग ते देतील."

आणि खरंच तसंच झालं, राजीनामा टाकला त्याच दिवशी एचआरला पैसे सापडले. पण तोवर मन उठलं होतं, मी गेले.

तर भाचीबाई, खाजगीत तुझा पगार वाढतो तो दारातून बाहेर पडताना. ज्या मुली एकाच ठिकाणी मान खाली घालून दहा वर्षं राहिल्या त्या आज नव्या मुलींपेक्षा जेमतेम काही हजार पुढे आहेत, आणि ज्या दर दोन-तीन वर्षांनी उठल्या त्या पुढे गेल्या पण त्यांची ग्रॅच्युइटी कधी शिजलीच नाही. दुसरी गोष्ट विभागाची. जनरल वॉर्डात दहा वर्षं काढलेलीपेक्षा ऑपरेशन थिएटर, कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी होते), डायलिसिस, आयसीयू केलेलीला नवीन ठिकाणी भाव मिळतो. म्हणून पहिल्या दोन वर्षांत पगारापेक्षा ड्युटी लिस्ट बघ, आयसीयू मागून घे, नाही दिली तर परत माग.

सरकारी गोष्ट एकदम वेगळी, तिथे पगाराचा तक्ताच असतो. सातव्या वेतन आयोगात राज्यात स्टाफ नर्स, म्हणजे कागदोपत्री अधिपरिचारिका, एस-१३ ह्या वेतनश्रेणीला, ३५,४०० ते १,१२,४००. दरवर्षी तीन टक्क्यांची एक पायरी. पुढच्या वर्षी ३६,५००, मग ३७,६००, दहा वाढी झाल्या की ४७,६००, वीस झाल्या की ६४,१००. हा नुसता बेसिक बरं का, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वेगळं, आणि खरी गंमत महागाई भत्त्यातच आहे, तो तू काही न करता वाढतो. कोणाच्या केबिनमध्ये जाऊन हात जोडावे लागत नाहीत.

केंद्राचं अजून वर. एम्स, रेल्वे वगैरे लेव्हल ७, सुरुवातच ४४,९०० ने, शिवाय नर्सिंग अलाउन्स, तो आधी ७,२०० होता, २०२४ पासून ९,००० रुपये. म्हणजे राज्याची पोरगी आठ वाढी खाऊन, नवव्या वर्षी ज्या आकड्यावर पोचते तिथे केंद्राची पहिल्या दिवशी उभी असते. काम तेच, सलाइन तेच, शिव्या पण त्याच. (रेल्वेत तर नव्या नर्सच्या पोस्टचं नावच नर्सिंग सुपरिटेंडंट आहे, आमच्या वॉर्डातल्या आयाबाई मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या मग साहेब कोण?)

पण सरकारीत पण वर चढायला जागा कमी. स्टाफ नर्सची परिसेविका म्हणजे इन्चार्ज सिस्टर, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका म्हणजे मेट्रन, अशी शिडी आहे खरी पण वर जागा बोटावर मोजण्याइतक्या, कितीतरी सिस्टर परिसेविका न होताच रिटायर होताना मी पाहिल्यात. म्हणून ती १०-२०-३० वाली आश्वासित प्रगती योजना, पद नाही मिळालं तरी दहा, वीस, तीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते. पगार वाढतो, खुर्ची तीच.

आता माझी चूक सांगते. मी महापालिकेत आले २०१४ ला, तेहेतिसाव्या वर्षी. आधीची अकरा वर्षं खाजगीतली, आयसीयूतली, त्याचे किती धरले? शून्य. तक्त्यातल्या पहिल्या घरात, काल पास झालेल्या पोरीच्या शेजारी. माझी बॅचमेट २००५ च्या भरतीत लागली, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं की कशाला जातेस तिथे, चाळीस पेशंटला दोन नर्स, त्यापेक्षा इथे एसी आहे. आज ती तक्त्यात माझ्या नऊ घरं पुढे आहे आणि वीस वर्षांवालं पण तिचं होऊन गेलं. दिवाळीला भेटलो की ती एसीचा विषय काढतेच.

आणि सरकारी म्हणजे सगळं सरकारी नाही हे पण बघ. जाहिरातीत मोठ्या अक्षरात स्टाफ नर्स आणि खाली बारीक अक्षरात कंत्राटी, अकरा महिने, एकवट मानधन. एनएचएम, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियान, त्याच्या जाहिराती २०,००० च्या असतात, त्यात पायरी बियरी काही नाही. मे २०२२ मध्ये राज्यातल्या नर्सेस संपावर गेल्या होत्या त्या ह्या कंत्राटी भरतीविरुद्धच.

खाजगीवाल्यांसाठी कोणी काही सुचवलंच नाही असं नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१६ ला समिती नेमायला सांगितलं, मग केंद्राच्या त्या समितीने शिफारस केली की २०० च्या वर बेडचं हॉस्पिटल असेल तर पगार सरकारी नर्सइतका, १०० ते २०० बेडला फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के, आणि ५० बेडच्या आतलं असलं तरी २०,००० च्या खाली नाही. भाचीचं हॉस्पिटल २०० च्या वर आहे. तिला म्हटलं आता तूच वजाबाकी कर. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या तेव्हा २०१८ ला सरकारने किमान २०,००० चं नोटिफिकेशन काढलं. चेची तेव्हा म्हणाली होती की तुम्ही मराठी मुली भांडत नाही, लग्न करता. उत्तर सुचलं नाही तेव्हा.

बाहेर जायचं म्हणशील तर तिथला आकडा मोठा पण तिथेही वाढत जातोच असं नाही. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत, नर्स बँड ५ ह्या वेतनश्रेणीला लागते, २०२५-२६ ला ३१,०४९ पौंड, आणि चार वर्षांत ३७,७९६ ला जाऊन थांबते, पुढे हवं तर बँड ६ ची पोस्ट शोधून इंटरव्ह्यू द्यायचा. अमेरिकेत मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत रजिस्टर्ड नर्सचा मधला पगार वर्षाला ९३,६०० डॉलर, अगदी खालच्या दहा टक्क्यांचा साधारण ६६ हजारांच्या आत आणि वरच्या दहा टक्क्यांचा १ लाख ३५ हजारांच्या वर. म्हणजे तळ आणि टोक ह्यात दुपटीचंच अंतर, आणि ते पण कुठल्या राज्यात आहेस, कुठल्या विभागात आहेस त्यावर.

भाचीला एवढं सगळं नाही सांगितलं. तिला म्हटलं नोकरी न सोडण्याचा बाँड एक वर्षाचा आहे ना, तो पूर्ण कर, तोवर आयसीयू शिक, आणि महापालिका, राज्य, रेल्वे, जी जाहिरात निघेल ती भर. राज्यात खुल्या वर्गाला ३८ ची अट असते, तू बावीसची आहेस, पण ३८ पटकन येतं.

संध्याकाळी परत मेसेज. "मावशी फॉर्मला दहावीचं ओरिजिनल स्कॅन करायचंय पण ते तर एचआरकडे जमा आहे."

म्हटलं झेरॉक्स आहे का बघ. नाही म्हणे.