बोचकं आणि ट्रॉलीबॅग

आज सकाळी स्टँडवर कडक बंदोबस्त. माझ्या पुढे पेठ-सुरगाण्याकडचं जोडपं, त्याच्या डोक्यावर बोचकं. द्राक्षछाटणीचे दिवस आहेत, दिंडोरीकडच्या बागेत निघाले असणार. "ए, सोड ते!" एवढंच. त्याने फरशीवरच गाठ सोडली. फडक्यातल्या भाकरी, तवा, मिरचीची पुडी, बायकोचं लुगडं, परकर. सगळं लोकांच्या पायाशी. ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत राहिली. मग छाटणीची कात्री निघाली आणि सरबत्ती सुरू झाली : कुठला तू, कोणाच्या मळ्यात, आधार दाखव. पात्यावर चीक वाळलेला होता, मुठीला सुतळी गुंडाळलेली. कात्री कशाची आहे ते नाशिकच्या माणसाला सांगावं लागतं?

मला "चला मॅडम". बॅगेला कुणी हातही लावला नाही.

झडती नकोच, असं मी कधीच म्हणणार नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये ७ स्फोट झाले तेव्हा दादा तिकडेच नोकरीला होता. त्याचा फोन लागेपर्यंत आई देवापुढून उठली नव्हती. पण ते बॉम्ब ठेवले होते पहिल्या वर्गाच्या डब्यांत. तिथे बोचकं घेऊन कोण चढतं?

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत २००५ मध्ये, लंडनच्या स्फोटांनंतर, पिशव्या तपासायला लागले. कितव्या माणसाला थांबवायचं तो आकडा वरिष्ठ आधीच ठरवून देतात, टेबलापाशी उभ्या पोलिसाने तोंड बघून निवडायचं नाही. पिशवी दाखवायची नसेल तर माणूस माघारी जाऊ शकतो. पुढच्याच वर्षी तिथल्या अपील न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. आपल्याकडेही २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या बाईचं लुगडं त्यात बसत नाही का?

सिंहस्थ तोंडावर आलाय. रामकुंडाकडे जाणाऱ्या किती जणांच्या डोक्यावर बोचकीच असतील! तपासा, जरूर तपासा. पण दर दहावा तर दर दहावा, मग तो कोणीही असो. आणि एक टेबल, एक आडपडदा, एक बाई पोलीस. फार मागतेय असं मला वाटत नाही.

कात्री शेवटी परत मिळाली. दोघं खाली बसून भाकरी पुन्हा फडक्यात बांधत होते, तोवर दिंडोरीची बस निघून गेली. मी मागे फिरून बॅग टेबलावर ठेवली. म्हटलं, "माझीही बघा."

"राहू द्या मॅडम, मागे गर्दी होतेय."