परिमिती काढू नका, निघते का तेवढं बघा

आमच्या अभ्यासिकेत बँकेची तयारी करणारी पोरं डेटा सफिशियन्सी (म्हणजे दोन विधानं देऊन, उत्तर काढायला एक पुरतं, दोन्ही लागतात की दोन्ही मिळूनही अपुरी, एवढंच विचारणारा प्रश्न) दिसली रे दिसली की पेन चालवायला लागतात, आणि मला ते बघवत नाही. अरे, परिमिती किती हे कुणी विचारलंय का बे? निघेल का, एवढंच विचारलंय.

आपली सोलापुरी चादरच घ्या. चारी कडेनं पट्टी शिवायचीय, किती लागेल? पहिलं विधान, क्षेत्रफळ ५४०० चौरस इंच. दुसरं, लांबी रुंदीच्या दीडपट. पहिल्यावरनं होत नाही, ६० बाय ९० पण बसतं आणि ५४ बाय १०० पण. दुसऱ्यावरनं नुसता आकार कळतो, ती चादर आहे की हातरुमाल तेही कळत नाही. दोन्ही मिळून एकच माप उरतं, संपला विषय, ऑप्शन मारा आणि पुढं व्हा, ३०० इंच काढत बसलात तर तेवढा टाइम फुकट गेला.

जास्त मजा कर्णात आहे. आयताचा कर्ण १३, क्षेत्रफळ ६०. इथं बाजू शोधायची गरजच नाही, लांबी-रुंदीच्या बेरजेचा वर्ग म्हणजे कर्णाचा वर्ग अधिक क्षेत्रफळाची दुप्पट, म्हणजे १६९ अधिक १२०, २८९. बेरीज १७, परिमिती ३४. एकदा हे डोक्यात बसलं की कर्ण आणि क्षेत्रफळ एकत्र दिसल्यावर न लिहिताच 'पुरेसं' म्हणता येतं.

चौरस, वर्तुळ, समभुज त्रिकोण, यांना एक माप पुरतं, त्यात काय नाही. त्रिकोणात मात्र सांभाळून. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ३ आणि ४ म्हटलं की सगळे ५ म्हणून मोकळे होतात, पण ४ हाच कर्ण असला तर? समद्विभुजच्या बाजू ५ आणि ७ दिल्या तर परिमिती १७ किंवा १९, अपुरं. पण ४ आणि ९ दिल्या तर पुरेसं, कारण ४, ४, ९ चा त्रिकोण होतच नाही, २२ च येणार.

(एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेतही असले प्रश्न असतात, तिच्या नव्या रूपातनं २०२३ ला भूमितीच उडवली म्हणे, मज्जा आहे त्यांची.)

आणि 'बाजू पूर्णांकात आहेत' हे वाक्य बारीक वाचा. आयताचं क्षेत्रफळ १२ असेल तर ३-४, २-६, १-१२ तिन्ही चालतात. १३ असेल तर १ आणि १३ सोडून काही जमतच नाही, त्यामुळं एकटं क्षेत्रफळ पुरतं, आणि नेमकं तिथंच पोरं 'दोन्ही विधानं लागतील' मारून येतात.