वाशी खाडीवरचा फ्लक्स मास्ट: पावसाळ्याआधीची कामं आणि एक खोटी सपाट रेषा

वाऱ्याचा पाण्यावरचा ताण आणि पाण्यातून हवेत जाणारी उष्णता (म्हणजे फ्लक्स) काढण्यासाठीचा मास्ट, म्हणजे खांब, उभा राहिला, वाचनं नोंदवणारा लॉगर चालू झाला, आता नैर्ऋत्येचा वारा धरायचा. ट्रॉम्बेच्या टेकड्यांवरून तो वाशीच्या काठावर पोचतो तेव्हा मध्ये पाण्याचा पट्टा जेमतेम काही किलोमीटरचा असतो. लाटा आखूड आणि उभट. इथल्या आकड्यांवरून खुल्या अरबी समुद्राचा ड्रॅग गुणांक (वारा पाण्याला किती ओढतो ते सांगणारा आकडा) काढायला जाऊ नये. आपल्या हातातलं काम म्हणजे वारा, तापमान, आर्द्रता नीट मोजून सूत्रांत घालणं आणि कोणती चूक किती महागात पडते ते तपासणं.

सामान नेहमीचंच: ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर, वाऱ्याच्या वेगासाठी कप ॲनिमोमीटर, हवेच्या तापमान-आर्द्रतेसाठी एसएचटी३१ सेन्सर, पाण्याच्या तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर, जीआय पाइप. नट-बोल्ट मात्र ३१६ स्टेनलेसचेच घ्या. खाडीच्या हवेत साधे बोल्ट गंजून असे जाम होतात की सर्व्हिसिंगला पाइपच कापायची वेळ येते.

सगळ्यात फसवा भाग वाऱ्याचा. या ॲनिमोमीटरमध्ये रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) असतो आणि सेकंदाला एक पल्स म्हणजे ताशी २.४ किमी. स्विच थरथरतो म्हणून कोडमध्ये डिबाउन्स (एक पल्स आला की थोडा वेळ पुढचा न मोजणं) टाकतात. तो ५० मिलिसेकंद ठेवला तर सेकंदाला २० पल्सच्या वर मोजणी जात नाही, म्हणजे ताशी ४८ किमी, १३.३ मी/से. त्याच्या जरा वर वारा गेला की दर दुसरा पल्स गळतो आणि आकडा चक्क निम्म्यावर येतो. झोतांच्या वाऱ्यात दहा मिनिटांची सरासरी घेतली की ही पडझड झाकली जाते आणि आलेखावर छान सपाट रेषा दिसते. ती बघून ‘ड्रॅग सॅच्युरेशन (गुणांक वाढायचा थांबणं) सापडलं’ म्हणणारे उत्साही लोक असतात. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला. त्या वेगाला दोन पल्समध्ये २१ मिलिसेकंदच उरतात. डिबाउन्स ५ ते ८ मिलिसेकंद ठेवा आणि रीड स्विचवर छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

गुणांकाची खरी सपाट रेषा बरीच पुढे, जास्त वाऱ्याला आहे. लार्ज आणि पाँड यांच्या १९८१ च्या सूत्रानुसार ११ मी/से पर्यंत गुणांक ०.००१२ धरायचा, पुढे २५ मी/से पर्यंत तो सरळ रेषेत वाढतो. २० मी/से ला ०.००१८ च्या आसपास. वाऱ्याचा पाण्यावरचा ताण म्हणजे हवेची घनता गुणिले गुणांक गुणिले वेगाचा वर्ग. १० मी/से ला सुमारे ०.१४ न्यूटन प्रति चौरस मीटर, २० ला ०.८२. वारा दुप्पट, ताण सहापट. हीच रेषा ५० मी/से पर्यंत ओढली तर ताण १०.८ येतो, आणि तिथेच गणित घसरतं. पॉवेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चक्रीवादळांत विमानातून सोडलेल्या ड्रॉपसाँड या मोजणी यंत्रांच्या नोंदींतून, आणि डोनेलन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या टाकीत दाखवलं की ३०-३५ मी/से च्या आसपास गुणांक वाढायचा थांबतो. हवेचा प्रवाह लाटांच्या माथ्यांवरून सुटतो, खालच्या खळग्यांपर्यंत पोचत नाही. वर फेस आणि तुषारांचा थर. सपाट होतो तो गुणांक, ताण नव्हे. ताण वेगाच्या वर्गाने वाढतच राहतो.

आता भरती-ओहोटी, जी खुल्या समुद्रातल्या तरंगत्या बॉयला छळत नाही. उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. ओहोटीला पाण्यापासून ८ मीटरवर असलेला ॲनिमोमीटर भरतीला ४ मीटरवर येतो. खडबडीतपणाची लांबी (पाण्याचा पृष्ठभाग वाऱ्याला किती खडबडीत ते सांगणारी) ०.२ मिमी धरली तर सूत्रांना लागणारा १० मीटरवरचा वेग काढायला ८ मीटरच्या वाचनाला १.०२ ने गुणायचं, ४ मीटरच्या वाचनाला १.०९ ने. उंची कायम ८ धरून चाललात तर भरतीचा ताण १३ टक्के कमी येईल. पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर काठाच्या खाली ब्रॅकेटवर लावा, मास्टच्या टोकाला नाही. तिथून त्याचा पल्ला पुरत नाही. लाटांमुळे आकडा उड्या मारतो म्हणून मिनिटभराच्या वाचनांचा मध्यक घ्या.

उष्णतेच्या बाजूला सगळा खेळ आर्द्रतेचा. समजा पाणी २९ अंश, हवा २८ अंश, आर्द्रता ८० टक्के, वारा १० मी/से. बाष्पीभवनाने जाणारी उष्णता सुमारे १८० वॅट प्रति चौरस मीटर, नुसत्या तापमानाच्या फरकाने जाणारी १३. आर्द्रतेत ३ टक्क्यांची चूक झाली की पहिला आकडा १२ टक्क्यांनी हलतो. पाण्याच्या तापमानात अर्धा अंश चुकला तरी तेवढाच, आणि डीएस१८बी२० ची कंपनीने सांगितलेली अचूकता नेमकी तेवढीच आहे. बर्फाच्या पाण्यात शून्य तपासा, मग पारखलेल्या थर्मामीटरशेजारी २८-३० अंशांवर जुळवून घ्या. पाण्याच्या पृष्ठभागाशी संपृक्त विशिष्ट आर्द्रता (बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेतलं बाष्पाचं प्रमाण) काढताना खारेपणासाठी ०.९८ ने गुणायला विसरू नये.

एसएचटी३१ च्या फिल्टरवर मिठाची पांढरी पुटं चढतात. मीठ ७५ टक्क्यांच्या वर ओलावा ओढून घेतं, आणि हवा कोरडी होऊ लागली तरी सेन्सर ७५ च्या आसपास रेंगाळतो. आलेखावर दुपारी अशी पायरी दिसली की फिल्टर काढा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून धुवा, सावलीत वाळवा. गंमत म्हणजे तपासणीलाही मीठच लागतं. साध्या मिठाचा ओला लगदा करा, वर पाणी तरंगेल इतकं पातळ नको. हवाबंद डब्यात सेन्सर लगद्याला न टेकवता रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा.

पाण्याचा सेन्सर पीव्हीसी पाइपवर वरखाली सरकणाऱ्या तरंगत्या खोक्याखाली, २०-३० सेंमी खोल. ओहोटीला खोकं चिखलात बसतं आणि चिखलाचं तापमान नोंदवत राहतं. पाणी अर्ध्या मीटरपेक्षा उथळ असेल तेव्हाच्या सगळ्या ओळी गाळा.

हिशेबाला कोअर ३.० (वारा, तापमान, आर्द्रतेवरून ताण आणि उष्णता काढणारी तयार गणनपद्धत) पुरे. त्यात चार्नॉक स्थिरांक (वाऱ्याच्या ताणावरून खडबडीतपणाची लांबी ठरवणारा आकडा) १० मी/से पर्यंत ०.०११ आणि १८ मी/से ला ०.०१८ असा वाढत जातो. इतरांच्या आकड्यांशी ताडताना सरासरीचा काळ बघा: भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचा वारा ३ मिनिटांच्या सरासरीने देतो, अमेरिकी संस्था १ मिनिटाच्या, आपला लॉगर १० मिनिटांच्या. झोताचा आकडा ताणाच्या सूत्रात घालायचा नाही.

पुढचं काम: दहा मिनिटांच्या सरासरीबरोबर वेगाच्या वर्गाची सरासरीही मेमरी कार्डवर लिहायची. झोतांच्या वाऱ्यात सरासरीचा वर्ग आणि वर्गाची सरासरी यांत फरक पडतो. कोअरला सरासरी वेगच द्यायचा, पण झोत किती होते ते त्या फरकावरून कळतं. तेवढ्यासाठी कोडमध्ये दोन ओळी पुरतात.