क्रोमला गंज चढत नाही

आमच्या रत्नागिरीच्या घरी १९८६ ची बुलेट आहे. वडिलांनी तिला हौसेने क्रोमचे मडगार्ड बसवून घेतले होते आणि खाऱ्या वाऱ्यात, चार महिने पागोळ्यांखाली उभी राहूनही ती त्यांच्या हयातीत लखलखत राहिली. गाडी माझ्याकडे आली आणि दोन पावसाळ्यांतच मडगार्डावर तपकिरी ठिपके उमटले, सायलेन्सर निस्तेज झाला. क्रोम गंजले, असा निष्कर्ष मी काढला आणि तिथेच चुकलो.

क्रोमियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो अनेक थरांचा मुलामा असतो. खाली लोखंडी पत्रा, त्यावर बहुधा तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर, तोही साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आरशासारखी चकाकी मुख्यतः खालच्या निकेलची असते. क्रोमियम तिला निळसर झाक देते आणि ओरखड्यांपासून जपते. हा वरचा थर अतिशय कठीण असला तरी त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. जिथे निकेललाही छिद्र पडलेले असते तिथून ओल थेट लोखंडापर्यंत उतरते आणि गंज खालून वर येऊन ठिपक्याच्या रूपाने दिसतो. त्यामुळे क्रोम स्वच्छ करणे म्हणजे त्यावर आलेला लोखंडाचा गंज आणि मळ उतरवणे. क्रोम स्वतः घासून उजळण्यासारखे काही नसते.

हे ठाऊक नसताना मी हेडलाईटच्या रिंगवर न्हाणीघरातील फरशा धुण्याचे ॲसिड चोपडले. ठिपके जातील या आशेने दहा मिनिटे थांबलो. फेस आला, पाणी ओतले आणि ठिपके खरोखरच गेले होते. पण त्यांच्यासोबत डाव्या बाजूची निळसर झाकही गेली होती आणि तिथे जुन्या चमच्यासारखा पिवळट रंग उघडा पडला होता. तो निकेलचा रंग. हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोमियम विरघळते आणि मुलामा देणारे कारागीर जुना थर उतरवण्यासाठी तेच आम्ल वापरतात, हे मला नंतर समजले. पितळी भांड्यांची पावडर, चिंच, लिंबू हे देवघरापुरतेच ठेवावे आणि भांडी घासण्याची तारेची घासणी तर गाडीच्या जवळपासही आणू नये.

आता मी जे करतो ते फारच साधे आहे. इंजिन पूर्ण थंड असताना आणि गाडी सावलीत असताना ती गाडीच्या शाम्पूने धुतो. आमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होते आणि ते क्रोमवर वाळले की पांढरे डाग धरते, म्हणून पाणी निथळण्याची वाट न पाहता लगेच जुन्या गंजीफ्रॉकने कोरडे करतो (गंज पुसायला गंजी, हा विनोद घरात आता कोणालाही हसवत नाही). ठिपके असतील तिथे पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवतो. ॲल्युमिनियम क्रोमियमहून बरेच मऊ असल्यामुळे हात हलका ठेवला तर ओरखडे येत नाहीत, गंज मात्र सुटतो. पाच-सहा फेऱ्यांत बोळ्याखाली करड्या रंगाचा चिखल जमतो; तो पुसला की खाली सुईच्या टोकाएवढा काळा बिंदू उरतो. तेच ते छिद्र. ते बुजत नाही. त्यावर क्रोमचे पॉलिश आणि शेवटी गाडीच्या मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे निदान ओल आत शिरणार नाही. नव्या गाड्यांवरील पुष्कळसे क्रोम प्लास्टिकवर चढवलेले असते. त्याला मऊ फडके आणि साबणाचे पाणी पुरते, बोळा नको.

सायलेन्सरच्या पाइपावरचा सोनेरी-निळा रंग हा मळ नसून उष्णतेमुळे आलेला असतो. पॉलिशने तो कमी होतो आणि गाडी तापली की पुन्हा येतो, त्यामुळे त्याच्या मागे लागण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. रेनकोटचे प्लास्टिक वितळून चिकटले असेल, तर इंजिन थोडे गरम करून ते लाकडी चमच्याने खरवडावे.

ज्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते ती जागा म्हणजे मडगार्डची आतली बाजू. तिथे मुलामा जेमतेम पोहोचलेला असतो आणि चाकाने उडवलेला चिखल तिथेच महिनोन्‌महिने ओला राहतो. आमचे मागचे मडगार्ड असेच आतून खाल्ले गेले, वरचे क्रोम पापुद्र्यासारखे सुटले आणि त्याच्या कडेने माझे बोट कापले. त्या अवस्थेला पॉलिशचा उपयोग नसतो. ते मी कोल्हापूरला नेऊन निकेल-क्रोम करून आणले. तिथल्या कारागिराने बहुतेक वेळ बफ मारून पत्रा गुळगुळीत करण्यातच घालवला. क्रोमच्या टाकीत ते फक्त दोन-तीन मिनिटे होते. आता आतून गंजरोधक रंग दिला आहे आणि पावसाळ्यात दर रविवारी तिथे पाण्याचा फवारा मारतो.

मोटारींवर क्रोम रुळले ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीचे निकेलचे दिवे आणि पट्ट्या काळवंडत, सतत घासाव्या लागत. ती घासणावळ टळावी हा क्रोमचा मोठा गुण मानला गेला. रविवारी बोळा हातात घेतला की मला हे हमखास आठवते.

दसऱ्याला झेंडूचा ओला हार तारेने हॅन्डलला बांधण्याची आमच्याकडे पद्धत होती. यंदा आईने हार सुतळीने बांधला आणि हळद-कुंकू टाकीच्या रंगावर, क्रोम सोडून लावले. हेडलाईटच्या रिंगचा पिवळट भाग मी अजून तसाच ठेवला आहे. तो झेंडूच्या फुलांत अजिबात उठून दिसला नाही.