विसणाचं गणित : नाशिकच्या थंडीत कॅराव्हॅनमधली अंघोळ

गंगापूर धरणाच्या काठी जानेवारीत कॅराव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन मुक्काम केला की पहाटे गाडीच्या टाकीतलं पाणी हाताला झोंबतं. थर्मामीटर घातला तर १५ अंश. टाकी गाडीच्या पोटाखाली, रात्रभर उघड्या वाऱ्यात. दुसरं काय होणार? माणसं चार आणि गिझर १० लिटरचा. दोन अंघोळी होतात आणि तिसऱ्याच्या अंगावर कोमट पाणी येतं. अशा वेळी पहिल्यांदा मोठा गिझर डोळ्यांसमोर येतो. आमच्या मते तो सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी विसणाचं, म्हणजे कढत पाण्यात मिसळायच्या गार पाण्याचं, गणित मांडावं.

अंगावर घ्यायला ४० अंशांचं पाणी पुरतं. गिझरमधलं पाणी ६० अंश आणि विसण १५ अंशांचं असेल, तर १० लिटर कढत पाण्यात ८ लिटर विसण मावतं, एकूण १८ लिटर. तेच पाणी ७५ अंशांपर्यंत तापवलं तर विसण १४ लिटर मावतं, एकूण २४ लिटर. टाकी तीच, वजन तेच, पाणी सहा लिटर जास्त. उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच २८ अंश असतं, तेव्हा ६० अंशांवरही २६ लिटर होतात. म्हणून ही अडचण मे महिन्यात जाणवतच नाही. प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरतो, कारण वरून गरम पाणी निघतं तसं खालून गार पाणी आत शिरतं आणि मिसळतं. आडव्या गिझरमध्ये हे मिसळणं जास्त, उभ्यात कमी.

७५ अंशांचं पाणी मात्र चटकन भाजतं, म्हणून गरम-गार पाणी आपोआप ठरलेल्या अंशांवर मिसळणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. तो ४० अंशांवर लावला की पंप चालू-बंद होताना दाब हलला तरी पाण्याचा उष्णपणा फारसा हलत नाही. साध्या दोन नळांच्या मिक्सरवर लहान मुलांना सोडू नये.

आता शॉवर. घरगुती शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी ओततो. १८ लिटर दोन मिनिटांत संपतात. मिनिटाला ४ लिटरचा, हातात धरायचा आणि खटका असलेला शॉवर बसवा. अंग ओलं करा, खटका बंद, साबण, पुन्हा खटका. माणशी ८ लिटर पुरतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक याच बदलाने पडतो.

या खटक्यामुळेच एक बिघाड येतो आणि तो चटकन उमगत नाही. साबण लावताना शॉवर बंद असतो, पण मागचे गरम-गार दोन्ही नळ उघडे असतात. दोन्ही बाजूंच्या दाबात थोडा जरी फरक पडला तरी गरम पाणी मिक्सरमधून गार नळीत शिरतं, नाहीतर गार पाणी गरम नळीत. खटका उघडला की आधी चटका बसतो, मग गारठा, आणि माणूस गिझरला दोष देतो. उपाय म्हणजे मिक्सरच्या दोन्ही तोंडांवर आणि गिझरच्या गार पाण्याच्या तोंडावर एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. पण तो गिझरच्या तोंडावर बसला की दुसरी गोष्ट घडते. तापताना पाणी फुगतं, १० लिटरमागे साधारण १५० मिली. पूर्वी हा फुगारा गार नळीत मागे जायचा, आता त्याला वाट राहत नाही. मग जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो, आणि तो खराब आहे असं समजून लोक बदलतात. व्हॉल्व्हचा दोष नसतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मध्ये फुगलेलं पाणी सामावून घेणारी एक लिटरची एक्स्पान्शन टाकी लावली की ठिबकणं थांबतं. सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मात्र कधीही मारू नये, गिझर फुटतो.

फुकटची उष्णता इंजिनात आहे. मुंबईहून येताना कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला पोचते तोवर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ८० अंशांच्या पुढे असतं, आणि तिथून नाशिकपर्यंत अजून ४५ किलोमीटर. आत तांब्याचं किंवा स्टीलचं वेटोळं असलेली २० लिटरची टाकी केबिनच्या हीटरच्या नळीवर जोडली, तर नाशिकला उतरताना सगळं पाणी कढत मिळतं. बंबात निखारे असावेत तसंच हे वेटोळं. नळी १६ मिलीमीटरची ईपीडीएम रबराची घ्यावी, बागेची नळी कूलंटला टिकत नाही. टाकी रेडिएटरच्या झाकणापेक्षा खाली बसवावी, नाहीतर वेटोळ्यात हवा अडकते आणि पाणी गारच राहतं. कूलंट भरल्यावर हवा काढा आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत असेल तर वेटोळं फुटलंय असं समजून ते पाणी वापरणं लगेच थांबवा. कूलंट विषारी असतं. मागे ओढून न्यायच्या कॅराव्हॅनला ही सोय नाही.

दोन टाक्या असतील तर त्या एकीमागे एक जोडाव्यात. गार पाणी आधी इंजिनवाल्या टाकीत, तिथून विजेच्या गिझरमध्ये.

विजेचा हिशेब सोपा आहे. १० लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला अर्धा युनिट लागतो. २ किलोवॉटचं एलिमेंट ते १६ मिनिटांत करतं, पण जवळपास ९ अँपिअर ओढतं. मुक्कामी ६ अँपिअरचा पॉइंट असेल तर १ किलोवॉटचंच लावा आणि अर्धा तास थांबा. वायर २.५ चौरस मिलीमीटरची, गुंडाळी पूर्ण उलगडलेली, आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. बॅटरीवर गिझर चालवू नये. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी एका खेपेत जवळजवळ निम्मी होते.

गॅस गिझर न्हाणीत किंवा गाडीत कुठेही उघडा लावू नका. एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत जीव घेतो आणि त्याला वास नसतो.

निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाताना वीज मिळेलच असं धरू नये. तिथली थंडी नाशिक शहराहून कडक. आदल्या संध्याकाळी गाडी चालवून तापलेली टाकी सकाळपर्यंत तग धरते, पण तिच्यावर २५ मिलीमीटर जाड नायट्राइल फोम हवा आणि गरम नळ्यांवरही १३ मिलीमीटरचा. टाकी शॉवरच्या जितकी जवळ तितकं बरं. १५ मिलीमीटरच्या तीन मीटर नळीत अर्धा लिटर पाणी गार होऊन पडतं. नळी सीपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) असेल तर रस्त्याच्या हादऱ्यांनी सांधे तडकतात, त्याऐवजी पेक्स, म्हणजे लवचिक प्लास्टिकची नळी, वापरा. बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर क्षाराचा पांढरा थर बसतो. मोसम संपताना सायट्रिक ॲसिडने तो काढून टाका.

आणि ४० लिटर पाणी अंगावर घेतलं की ४० लिटर साबणाचं पाणी खाली साचतं. सांडपाण्याची टाकी त्याहून लहान असेल तर ते न्हाणीच्या जाळीतून वर येतं. नांदूरला गोदावरी आणि कादवा अगदी शेजारी आहेत. टाकी तिथे सोडू नका, मुक्कामाच्या जागी गटारातच रिकामी करा.